लाभ म्हणायच्या आधी

दाजीबा मुकादमाने खडवलीच्या सगुणाबाईला फसवले. तिच्यासोबत तिळाच्या अकरा गाड्या होत्या, त्या गाड्यांमागच्या घरांनाही फसवले. आणि हे काम त्याने स्वतःच्या तोंडाने केले नाही. माझ्या तोंडाकडून करून घेतले.

हे आधीच लिहून टाकले, म्हणजे म्हातारा गमती सांगायला बसला आहे असे कोणाला वाटायला नको. संपादकांनी मागितल्या आहेत गमतीच. "गणपतराव, कल्याणच्या बाजारात तुमची हयात गेली. दिवाळीच्या अंकासाठी दलालीतले चार मासले लिहा," असे ते म्हणाले. लिहितो. पण दर चार ओळींना उठतो, ओसरीवर दोन फेऱ्या मारतो आणि पुन्हा येऊन बसतो. बायको आतून म्हणते, "अहो, बसा तरी नाहीतर चाला तरी. टाक वाळतोय." टाक वाळू दे. मला वाळायला बरीच वर्षे लागली.

ज्यांनी धान्याचा बाजार पाहिला नाही, त्यांना आधी थोडे समजावून सांगायला हवे. कल्याणात माल दोन वाटांनी येतो. मुरबाड, शहापूर, खडवली इकडून बैलगाड्यांनी भात येते, नाचणी येते, आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीतले तीळ आणि खुरासणी ही गळिताची धान्ये येतात. घाटावरून आगगाडीने जवस आणि गहू. जायचे मात्र सगळ्याला मुंबईलाच, गाडीने नाहीतर खाडीतून गलबताने. तीळ तिथेही थांबत नाही. तो बोटीत बसून फ्रान्सात जातो आणि तिकडे म्हणे त्याच्या तेलाचा साबण करतात. आपण संक्रांतीला ज्याचे लाडू वळतो, त्याने तिकडची माणसे अंग धुतात. हे मी पहिल्यांदा सगुणाबाईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "धुवू दे बिचाऱ्यांना. लय मळत असतील."

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आपल्या उजव्या हातावर उपरणे टाकतो. घेणारा एकेक जण पुढे येतो, उपरण्याखाली हात घालतो आणि दलालाची बोटे धरतो. एक बोट धरले तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा म्हणजे पाच. पहिली धर रुपयांची, दुसरी आण्यांची. धरताना तोंडावरची रेषा हलायची नाही. सगळ्यांचे हात झाले की दलाल विकणाऱ्याचा हात त्याच उपरण्याखाली घेतो आणि सगळ्यांत वरचा भाव त्याच खुणांनी त्याला सांगतो. विकणाऱ्याने मान हलवली की दलाल घेणाऱ्याचे नाव पुकारतो. फक्त नाव. भाव त्या तिघांच्या पोटात राहतो.

आता शहाणा वाचक लगेच विचारील, दलालाने विकणाऱ्याला एक बोट कमी दाबले तर? दाबता येते. दाबणारे होते. म्हणून तर या धंद्यात गोदाम, गाडी, गादी हे भांडवल नव्हे. लोकांचा तुमच्या हातावर विश्वास आहे की नाही, एवढेच भांडवल. माझा बाप याच बाजारात हमाल होता. मी पोत्यांवरच्या खुणा वाचत मोडी शिकलो. मला कोणी गादी दिली नाही. मला होती ती ही पाच बोटे. लग्न झाल्यापासून मी विळीवर बसलो नाही, कोयता धरला नाही, नारळसुद्धा स्वतः फोडला नाही. सासूबाई म्हणत, "जावई आहेत की मूर्ती?" पण तुटक्या बोटाच्या दलालाचा चार कुठला आणि पाच कुठला, याचा तंटा कोणी सोडवायचा?

एकदा मुंबईच्या कोटातल्या एका पेढीचा साहेब बाजार बघायला आला. त्यालाही हौस आली. हातमोजा न काढताच त्याने उपरण्याखाली हात घातला आणि माझा पंजा धरून असा जोरजोरात हलवला की उपरणे पडता पडता राहिले. त्याच्यामागे उभा असलेला दुभाषी घाबरून म्हणाला, "साहेब फक्त रामराम करतायत हो!" मी म्हटले, "आमच्याकडे याला पाच म्हणतात. रामराम उपरण्याबाहेर." साहेब हसला आणि त्याने खरोखरच पाचाने खुरासणी घेतली. तो साहेब होता, परका होता, तरी हात नाकारला नाही. हे मुद्दाम सांगतो आहे.

दुसरी रीत मापाची. सौदा ठरला की मापाडी मोठ्या लाकडी मापाने धान्य मोजतो. पहिले माप ओतताना तो "एक" म्हणत नाही, "लाभ" म्हणतो. मग दोन, तीन, चार. तोंडातून लाभ निघाला की सौदा पक्का. त्यानंतर भाव पडो, चढो, आभाळ कोसळो, मोडता येत नाही. पण लाभ म्हणायच्या आधी कोणी भाव उघडा बोलला, तर सौदा तिथल्या तिथे मोडला. बोलणारा घेणारा असो, विकणारा असो की दलाल. बाजाराच्या पंचांनी ही रीत पूर्वीच घालून दिली होती, कारण उघडा भाव ऐकून शेजारच्या गाड्यांवर मारामाऱ्या होत. रीत वाईट नव्हती. मी स्वतः तिच्या जोरावर दोन लबाड माणसांचे सौदे मोडलेले आहेत.

आणि माझा राग. तोही सांगायला हवा, कारण पुढे त्याचेच काम आहे. डोंबिवलीकडच्या एका व्यापाऱ्याच्या मापाला आतून डांबर थापलेले मला सापडले. मी आधी माप खाडीत फेकले आणि मग त्याला. त्याला पोहता येते हे मला नंतर कळले. बाजार हसला. मलाही तेव्हा ते भूषण वाटले. गणपतरावाच्या समोर वाकडे चालत नाही, असे लोक म्हणायचे. दाजीबा तेव्हा तिथे उभा होता. तो हसला नव्हता. नुसते बघत होता.

हा दाजीबा ठाण्याचा. टेंभी नाक्याला त्याचे घर. मुंबईच्या एका निर्यातवाल्या पेढीसाठी तो कल्याणात तीळ आणि जवस घेत असे. आवाज कधी चढवायचा नाही. "अहो, जाहो" सोडायचा नाही. त्याचा हात नेहमी कोरडा आणि थंड असे. उपरण्याखाली न बघताही मला तो ओळखू येई.

सगुणाबाई माझ्या धंद्यात आली ती माझ्यामुळेच. एका भाताच्या भानगडीसाठी मी खडवलीला गेलो होतो. तिथल्या वाण्याच्या दुकानासमोर बायका टोपल्यांत तीळ घेऊन बसलेल्या. वाणी घेताना मापावर शीग चढवून घेई आणि बदल्यात मीठ देताना मापाचे तोंड हाताने सपाट पुसून देई. मी पायरीवर उभा राहून हे पाहत होतो. एक धिप्पाड, काळीसावळी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघतस दादा? रोजचाच हाय."

मी म्हटले, "टोपलीटोपलीने आणाल तर हेच होणार. पाच पाड्यांचा तीळ एका जागी करा. तीनदा चाळा. माती, काडी, खडा काही ठेवू नका. एकदम कल्याणला आणा. भाव मी काढून देतो."

"आन् नाय निघाला तर?"

"तर माझ्या नावाने ओरडायला कल्याणला या."

ती सगुणाबाई. तिला पाच पाडे जमवायला दोन हंगाम लागले. पाड्यापाड्यांत तिला लोक हसले. वाण्याने धमक्या दिल्या. हा एक सौदा नीट झाला, तर पुढल्या वर्षी कोणी त्या पायरीवर टोपली घेऊन बसणार नव्हते. फसला, तर सगळे मुकाट्याने परत तिथेच. तिने हे मला चार वेळा सांगितले आणि मी चारही वेळा छातीवर हात ठेवला.

मार्गशीर्षात अकरा गाड्या भातसा नदी उतरून आल्या. मी पोत्यात हात घातला आणि मूठ उन्हात धरली. हयातीत असा तीळ मी दोनचारदाच पाहिला असेल. मूठ उघडली तर तळहाताला धूळ नाही. घेणारे गोळा झाले. एकेकाचा हात आला. चांगले होते. मग तो कोरडा, थंड हात आला आणि त्याने जो भाव धरला तो सगळ्यांत वरचा, इतका की मलाही बोटे पुन्हा मोजावीशी वाटली. मी तोंड दगडासारखे ठेवले.

मग विकणाऱ्याचा हात. सगुणाबाईचा नवरा धर्मा पुढे आला, कारण बाजारात बाईने हात द्यायची रीत नव्हती. तिने त्याला कोपराने बाजूला सारले. "तीळ माजं, चाळलं मी, हात पन माजाच." बाजार खो खो हसला. धर्मा सगळ्यांत जास्त हसला. मी उपरणे पुढे केले आणि तिचा हात घेतला. चाळणी धरून धरून तो खरबरीत झाला होता. मी रुपये दाबले. आणे दाबले. तिने माझ्या तोंडाकडे बघितले.

"परत धर," ती हळू म्हणाली.

मी परत धरले. तितकेच. तिने मान हलवली आणि दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावला. मी नाव पुकारले, "दाजीबा मुकादम!"

गाड्या रांगेला लागल्या. कोंडू मापाडी बाह्या सारून बसला. एवढ्यात स्टेशनावरून तारेचा शिपाई आला आणि त्याने दाजीबाला कागद दिला. दाजीबाने वाचला. घडी घातली. पागोट्यात खोचला. कोंडूने पहिले माप भरले, वरून पट्टी फिरवली, उचलले. त्याचे तोंड उघडले होते.

"गणपतराव," दाजीबा म्हणाला, "जरा थांबवा. एक विचारायचं होतं."

"मापानंतर विचारा."

"साधीच गोष्ट आहे. मी जो हात दिला, तोच बाईंना दिलात ना?"

मी म्हटले, "म्हणजे?"

"तसं नव्हे हो. बाई नव्या आहेत, त्यांना खुणांची सवय नाही. मधल्या मध्ये एखादं बोट राहून गेलं असेल, तर आत्ताच बोललेलं बरं. नंतर तुमच्या नावाला बट्टा नको."

हे तो माझ्याकडे बघून बोलला नाही. सगुणाबाईकडे बघून बोलला. आणि सगुणाबाईने माझ्याकडे बघितले. फार वेळ नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच. पण त्यात ती वाण्याची पायरी होती, शीग होती, आणि सगळे दादा-भाऊ म्हणवणारे एकाच माळेचे असतात की काय, हा प्रश्न होता.

मला फक्त एवढेच म्हणायचे होते: कोंडू, ओत. दोन शब्द. कोंडूने ओतले असते, लाभ म्हटला असता, आणि मग मी दाजीबाला खाडीत टाकले असते, नाहीतर जे करायचे ते केले असते. गेली कित्येक वर्षे मी हे दोन शब्द ओसरीवर मोठ्याने म्हणतो. शेजारच्यांना वाटते, आमच्याकडे कोंडू नावाचा गडी आहे.

मी उपरणे ओढून काढले, जमिनीवर आपटले आणि तो भाव ओरडलो. रुपये, आणे, सगळे. "हा हात दिलास तू! आणि हाच मी बाईला दिला! विचार तिला!"

सगुणाबाई म्हणाली, "व्हय. ह्योच."

तेव्हा मला वाटले, जिंकलो. मग मी वळून पाहिले, तेव्हा कळले. कोंडूचे माप हवेतच होते. त्याने ते हळूच खाली ठेवले, भरलेलेच. दाजीबा नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाला, "अरेरे. गणपतराव, उघडं बोललात."

पंच बसले. पाच म्हातारे, पाचही माझ्या ओळखीचे. दोन प्रश्न विचारले. भाव उघडा झाला का? झाला. लाभ म्हटला होता का? नाही. सौदा मोडला. मी म्हटले, "त्याच्या पागोट्यातला कागद बघा. त्याला विचारा कोणती बोटं धरली होती." थोरल्या पंचांनी हात वर केला. "हातातलं विचारायची रीत नाही, गणपतराव. तुम्हाला आम्ही शिकवायचं का?" दाजीबा म्हणाला, "मी तर काही बोललोच नाही. मी फक्त विचारलं."

गाड्यांपाशी सगुणाबाई उभी होती. मी तिला रीत समजावून सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे तू खोटा नाय."

"नाही."

"मना जो भाव दिलास तोच त्येनी दिला व्हता."

"तोच."

"मंग तुजा खरंपना आमाला केवढ्याला पडला, दादा?"



पंच उठेपर्यंत बाकीचे घेणारे पांगले होते. संध्याकाळच्या गाडीने मुंबईहून माणसे आली आणि सगळ्यांना कळले की तिळाचा भाव बसला; दाजीबाच्या तारेत तेच होते. बैलांचा कडबा संपत आला होता. पाड्यांवरची माणसे उघड्यावर झोपत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या दलालाकडून, तिसऱ्याच एका माणसाला, पडेल त्या भावात तीळ दिला. तो तिसरा माणूस कोणासाठी घेत होता, हे मला आठवड्याने कळले. बंदरावरच्या वखारीपाशी मी सहज थांबलो होतो. आत तीच पोती, धर्माने शिवलेली, जाड सुतळीची. चार मजूर पोती उसवून तीळ जमिनीवर पसरत होते आणि त्यावर खाडीकाठची वाळवलेली माती चाळून टाकत होते. ही बाहेरच्यांना वेडेपणाची गोष्ट वाटेल. वेडेपणा नाही. विलायतेच्या करारात शेकड्यामागे अमुक इतकी माती चालते असे लिहिलेले असते. चालते, तर पेढ्या तेवढी घालतात. स्वच्छ मालाला तिकडे जास्त कोणी देत नाही. वखारीच्या दारात दाजीबा उभा होता. मला बघून त्याने नमस्कार केला.

तीनदा चाळलेला तीळ. मी चाळायला लावलेला.

मी तेव्हा हात उचलला नाही. लोक म्हणतात गणपतराव निवळला. तसे काही नाही. हात उचलला असता तर तो पुन्हा शांतपणे म्हणाला असता की मी काही बोललोच नाही.

त्यानंतरही माझा धंदा चालला. खरे सांगायचे तर वाढला. "गणपतरावाचा हात खरा, भर बाजारात सिद्ध झाला," असे म्हणून लोक यायचे.  पलीकडे काहीजण कुजबुजायचे की गणपतरावाच्या हातालाच चुकले असेल, दाजीबा भला माणूस, त्याने फक्त शंका विचारली. दाजीबाने हे कधी खोडून काढले नाही, खरेही म्हटले नाही. त्याने त्या दिवशी कोणती बोटे धरली होती, हे त्याच्या तोंडून आजवर एकाही माणसाने ऐकलेले नाही.

खडवलीला मी एकदाच गेलो, बऱ्याच वर्षांनी. सगुणाबाई नदीकाठी भांडी घासत होती. केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखले आणि हाताने बसायची खूण केली. मी विचारले, तीळ कसा आहे? "हाय की. वाणी नेतो." मी विचारले, चाळता का? ती हसली. "कोनासाठी?" मग म्हणाली, "तुज्यावर राग नाय माजा. पन त्या टायमाला तू गप का नाय बसलास रे?"

मी गप्प बसलो नाही, याचा जाब माझ्या मनाने मला विचारला आहे आणि मी दिला आहे, रोज देतो. पंचांपैकी चौघे गेले. थोरले आहेत, त्यांना आता माणूस ओळखू येत नाही, त्यांना काय विचारू?

पण दाजीबा मुकादम आहे. धडधाकट आहे. गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांना त्याने देणगी दिली, तिथे दगडावर त्याचे नाव कोरले आहे. हे मासिक त्याच्या घरी जाते, मला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

तो भाव मी या लेखात लिहिलेला नाही. एकदा उघडा बोलून जे व्हायचे ते झाले. दाजीबा, बाजाराच्या दिवशी दुपारी कल्याणला या. खडवलीची माणसे भाताच्या गाड्या घेऊन त्या दिवशी येतात, सगुणाबाईचा मुलगाही असतो. मी तिथेच असेन, कोंडू माप घेऊन बसला होता त्या ओट्यापाशी. त्या दिवशी जमिनीवर आपटलेले उपरणे मी पुन्हा कधी वापरले नाही. धुऊन, घडी घालून ठेवले आहे. ते हातावर टाकून उभा राहतो. तुम्ही त्याखाली हात घाला आणि त्या सकाळी जी बोटे धरली होतीत, ती सगळ्यांसमोर धरून दाखवा. काही बोलू नका. तुम्हाला बोलायची सवय नाही.

माझी पाचही बोटे अजून शाबूत आहेत. या, आणि उत्तर द्या.